सुनेचं खाचर

पाखड मेली नाही, तेव्हा बाळीच्या बापाने आधी दुकानदाराला शिव्या घातल्या, मग पावसाला, आणि मग नेहमीप्रमाणे मला. मी पंपात पाणी जास्त ओतलं म्हणून औषध पातळ झालं, असं त्याचं म्हणणं. पाणी मी ओतलं होतं हे खरं. पण ते त्यानेच दाखवलेल्या खुणेपर्यंत ओतलं होतं, आणि बाकीचं गवत त्याच पाण्याने करपून आडवं झालं होतं. उभी राहिली ती एकटी पाखड. तीसुद्धा सगळी नाही, घराजवळच्या कोपऱ्यात थोडे ठोंब.

बाळीच्या बापाचं नाव जगन. एकदा सांगून टाकलं, आता पुन्हा घ्यायला लावू नका. आमची वाडी म्हसा गावापासून डोंगराच्या अंगाला आहे आणि आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शिव्या मात्र घेतात.

पाखड म्हणजे भाताची सावत्र बहीण. लहानपणी दोघींत काही फरक दिसत नाही. भाताचं पान कांडीला जिथे चिकटतं तिथे बारीकशी पांढरी जीभ असते, पाखडीला ती नसते. भेद एवढाच, आणि तो वाकून, पान बोटांत धरल्याशिवाय कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून श्रावण म्हणजे माझ्यासाठी बेणणी. सकाळी चिखलात वाकायचं ते अंधार पडायला सरळ व्हायचं, आणि रात्री झोपेतसुद्धा बोटं गवत उपटत राहायची. बेणणी बायांची, पुरुषाने तिला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती पुरुषांनी काढली की बायांनी, हे सांगायची गरज नाही. जुन्या शेतीच्या आठवणी काढून उसासे टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातल्या एकाचीही कंबर धरलेली नसते.

म्हणून सांगते, औषध आलं तेव्हा मी नारळ फोडला होता. नांगरायचं नाही, चिखल करायचा नाही, रोपांसाठी राब भाजायचा नाही, लावणी नाही. मातीच्या गाद्या एकदा घालून ठेवायच्या, त्यांच्यावर भात टोकायचं, आणि गवत वर आलं की पंप पाठीला लावायचा. भाताला धक्का न लावता गवत मारणारं औषध. पहिल्या वर्षी रान इतकं साफ झालं की मी बांधावर नुसती उभी राहून बघत बसले. त्या श्रावणात मी पहिल्यांदा दुपारी झोपले. बैलांचं काही काम उरलं नाही, तेव्हा ते म्हशाच्या जत्रेत विकले. बाळीचा बाप दाव्याला धरून रडला. मी रडले नाही. शेण काढायचं काम माझं होतं.

ते ठोंब दुसऱ्या वर्षी सगळ्या कोपऱ्यात पसरले, तिसऱ्या वर्षी अर्धं खाचर. बाळीचा बाप पंपाला एक झाकण औषध टाकायचा, तो दोन टाकायला लागला, मग तीन. भात पिवळं पडलं, पाखड हिरवी. भेसळ आहे म्हणून त्याने दुकान बदललं. नव्या दुकानदारानेही तेच औषध वेगळ्या डब्यातून दिलं.

यंदा आषाढात शेतीखात्याच्या रुपालीताई वाडीवर आल्या. पोरसवदा बाई, पण चिखलात बूट काढून उतरल्या. बराच वेळ हिंडल्या, पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि आमच्या ओटीवर येऊन बसल्या.

"औषध खरं आहे," त्या म्हणाल्या. "गवत वेगळं आहे."

"आमचंच गवत हाय, वेगळं कुठलं?" बाळीचा बाप म्हणाला.

"तुमचंच. पण बघा, पाखडीची लाख रोपं असली तर त्यात एखादं मुळातच असं असतं की त्याला हे औषध बाधत नाही. औषधाने ते तसं केलं असं नाही, ते जन्मालाच तसं येतं. आधी त्याचं काही चालायचं नाही, बाकीच्या गर्दीत ते दबून जायचं. तुम्ही औषध मारलंत आणि बाकीची सगळी मेली. मग त्याला ऊन, खत, जागा, सगळं एकट्याला मिळालं. त्याने हजारांनी बी झाडलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच औषध मारलंत. पुन्हा त्याचीच पोरं उरली. तुम्ही बियाण्यासाठी चांगल्या लोंब्या निवडता ना? तशी पाखडीचीही निवड झाली. दर वर्षी, तुमच्याच हातून."

"म्हंजे आमीच पोसली," तो म्हणाला.

"नकळत. सगळीकडे तेच होतंय, तुम्ही एकटे नाही."

दुसरं औषध चालेल का, मी विचारलं. चालेल, त्या म्हणाल्या, पण तेच ते मारत राहिलात तर त्यातूनही अशीच काही वाचतील. नांगरा, चिखल करा, आणि तुरे पिकायच्या आत हाताने उपटा. एकदा बी झडलं की मातीत पडून राहतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं उगवत राहतं. या रानातलं बियाणं तर मुळीच ठेवू नका.

नांगरा म्हणे. बैल कुठे होते? ट्रॅक्टर आमच्या उतरणीच्या खाचरांत चढत नाही. आणि बेणायला बाया? गावाकडच्या वाडीतली ठकू आणि तिच्या सोबतच्या बाया पूर्वी यायच्या. आता सकाळी हायवेवर कंपनीची गाडी येते आणि त्यांना गोदामात घेऊन जाते. डोक्यावर पत्रा, पायाखाली फरशी. त्यांच्या जागी मी असते तर मीही पहिल्या गाडीत चढले असते. रुपालीताईंना हे सगळं ठाऊक होतं, त्या बिचाऱ्या मान हलवत होत्या. निघताना त्यांनी सहज विचारलं,

"यातलं बी कोणाला दिलंय का?"

बाळीच्या बापाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. 

आमच्या घरची एक रीत आहे. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळाबरोबर बियाण्याचं भात जातं, ओंजळभर ओटीत आणि बाकीचं गोणीत. सासरची माणसं ते भात वेगळ्या खाचरात पेरतात. त्याला सुनेचं खाचर म्हणतात, आणि त्याची पहिली पेंढी तीच कापते. बाळीचं लग्न झालं गेल्या वर्षीच्या वैशाखात, आटगावकडे. बियाणं मीच झोडलं, मीच पाखडलं. घराजवळच्या खाचरातलं घेतलं, कारण ते सगळ्यांत जोमाचं दिसत होतं. बारीक बी भाताच्या दाण्यांत लपून राहतं, सुपात कितीही उडवा. तेव्हा त्यात काही आहे हे कोणाला माहीत? पाखड काय, सगळ्यांच्याच भातात असते.

बाळीच्या सासरी आमच्याहून मान ठेवणारी माणसं. सुनेचा मान म्हणून त्यांनी तिला सगळ्यांत वरचं खाचर दिलं. पाणी वरून खाली येतं. त्यांची चार खाचरं एकाखाली एक, आणि वरचं भरलं की त्याच्या बांधाला पाडलेल्या तोंडातून पाणी खालच्यात उतरतं. वाहत्या पाण्यावर काय काय तरंगत जातं, ते कोण बघत बसतंय?

रुपालीताई गेल्या त्याच संध्याकाळी मी बाळीला फोन लावला.

"तुमच्याकडं पाखड मरते काय गो?"

 ती हळूच म्हणाली, "वरच्या खाचरात नाय मरत. गेल्या वर्षाला थोडी व्हती, यंदा लय झालीय. आत्या दुकानदाराला शिव्या घालतात."

आत्या म्हणजे तिची सासू. मी बाळीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"आई," ती म्हणाली, "हे हितं कुणाला बोलू नको हां. आत्या दुकानदाराला बोलतात ते बरं हाय."

तिला सहावा महिना सरत आला होता. मी म्हटलं, बरं.

पहिलं बाळंतपण माहेरी. भाद्रपदात गौरी गेल्या की बाळीला आणायची असं ठरलं होतं. आमच्या वाडीतला हनुमान त्याची इको गाडी घेऊन आला, बाळीचा बाप पुढे बसला, मी मागे. मुरबाड, शहापूर करत आटगावला पोचेस्तोवर दुपार झाली. सारा रस्ता मी मनात भांडी घासत होते, चूल सारवत होते. खाट कुठे टाकायची, शेक-शेगडीला लाकडं कोणती, डिंकाचे लाडू कधी वळायचे. पोर घरी येणार या एका गोष्टीवर मी तो पावसाळा काढला होता.

बाळीची सासू बाईजा ओटीवर पाय पसरून बसली होती. गुडघ्यांना तेलाची फडकी बांधलेली. मुलगा ज्ञानेश्वर भातसानगरला धरणावर कंत्राटी कामाला, पावसाळ्यात सुट्टी नाही. घरात दोन बाया आणि चार खाचरं. बाईजा वाईट बाई असती तर हे सगळं सोपं झालं असतं. तिने उठून मला पाणी दिलं, बाळीची पिशवी आधीच भरून दारात ठेवली होती, वर जुन्या लुगड्याची मऊ फडकी घडी करून दिली होती, बाळासाठी.

"न्या पोरीला," ती म्हणाली. "पाय बगा तिचे. वाकू नको म्हणते तरी जाते रानात. भात काय, येल तेवढं येल."

बाळीचे पाय सुजले होते. पोट पुढे, चेहरा एवढासा, बोटांच्या पेरांत चिखल. तिने पिशवी उचलून गाडीत ठेवली सुद्धा. हनुमानने गाडी वळवून घेतली. सगळं असं सरळ चाललं होतं की मी तिथल्या तिथे गप्प बसायला पाहिजे होतं. पण घरामागून खाचरं दिसत होती, आणि माझे डोळे गेले.

"खाचर बगून येते जरा," मी म्हटलं.

"आई, राहू दे ना," बाळी म्हणाली. "गाडी उभी हाय."

मी बांधावर गेले. वरचं खाचर भाताचं राहिलंच नव्हतं. जांभळट तुरे भाताच्या वर हातभर चढलेले, वाऱ्यावर डोलत. काही तुऱ्यांची टोकं तपकिरी व्हायला लागली होती. दुसऱ्या खाचरात पाण्याच्या तोंडापासून एक पट्टा खाली उतरला होता. तिसऱ्यात इथे एक, तिथे एक. चौथं अजून साफ होतं, हिरवंगार, पोटरीला आलेलं.

मी तिथे उभी राहून हिशेब केला. गप्प बसले तर पोर आज माझ्या घरी येते, माझ्या हातची पेज खाते, सव्वा महिना पाठ शेकून घेते. आणि तोवर हे सगळं झडतं, चौथ्या खाचरापर्यंत. मग ती बाळ घेऊन इथे परत येते. कुठे येते? याच बांधावर. पुढच्या श्रावणात बाळाला झोळीत टाकून ती वाकणार, त्याच्या पुढच्याही, आणि कोणत्याही डब्यातल्या औषधाने तिची सुटका होणार नाही. ज्या कामातून मी सुटले म्हणून नारळ फोडला, ते काम मी तिच्या ओटीत घालून पाठवलं होतं. आणि बोलले तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बाळी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने माझा हात धरला. मान हलवली, नको म्हणून. बाईजाही भिंतीला धरत धरत आली.

मी बोलले.

"विहीणबाय, हे औषधानं मरायचं नाय. दुकानदाराचा काय दोष नाय त्यात. ही आमच्याकडची पाखड हाय. बाळीच्या ओटीतल्या बियाण्यातनं आली. लग्नात आमाला ठावं नव्हतं, आता कळलं. हे तुरे झडायच्या आत उपटा. झडलं तर समदी खाचरं जातील."

बाईजाने खाचराकडे पाहिलं. मग तिने बाळीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग परवडला असता. आजवर घरातलं माणूस म्हणून जिच्याकडे पाहिलं, ती बाहेरून काहीतरी घेऊन आली आहे, अशी ती नजर होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कवा झडल?" तिने विचारलं.

"आठ-दहा दिसांत. वरचे काय आताच पिकलेत."

"उपटायचं कुणी? माझे गुडघे हे असे. पोरगा धरणावर. बाया मिळत नाय, तुमाला ठावं हाय." ती थांबली. "येल तेवढं येल म्हणाले मी, तवा मला वाटलं एका वर्साचं हाय. जन्माचं हाय हे सांगितलंत, आता कसं सोडू?"

"तिला वाकता येत नाय, विहीणबाय. आठवा सरत आला."

"मी कुठं म्हणते वाक म्हणून? बसून करल. जेवढं व्हईल तेवढं." आवाज चढला नव्हता तिचा. "तुमच्या घरचं गवत हाय. तुमच्या घरचा एक हात तरी रानात पायजे. तिचा नायतर दुसऱ्या कुणाचा. सावड समजा. हाताला हात."

सावड आम्हाला नवी नाही. तुझ्या लावणीला मी, माझ्या लावणीला तू, यावरच आमच्या वाड्या चालल्या. सावडीला नाही म्हणता येत नाही, आणि बाईजाने मागितलं ते गैर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

बाळीचा बाप पुढे झाला. "मी राहतो," तो म्हणाला.

खरं सांगते, त्या वेळेलासुद्धा मला हसू आलं. बाईजाही हसली. उभ्या जन्मात बेणणीला हात न लावलेला माणूस, त्याने निम्मं भात उपटून बांधावर नीट रचून ठेवलं असतं. त्याला ते कळलं, आणि तो मान खाली घालून गाडीकडे गेला. मला त्याची दया आली. मग त्या रीतीचा राग आला, मग पुन्हा त्याचाच आला.

"मी राहते," मी म्हटलं. "पोर जाऊ दे."

गाडीशी आम्ही दोघं उभे राहिलो. "तिचं कोण करल मग?" बाळीच्या बापाने विचारलं.

"तुमची आई हाय."

"तिला धड दिसत नाय."

"रविना येऊन-जाऊन बगल." रविना माझी जाऊ. चांगली आहे, पण तिच्या मागे तिची तीन पोरं आणि तिचीही पाखड. "मी येतेच. आठ दिसांत येते. तारखेला लांब हाय अजून."

बाळी मागच्या सीटवर बसली होती. मी दारातून आत वाकले, तिच्या केसांवरून हात फिरवायला. तिने डोकं बाजूला घेतलं.

"तुला सांगितलं व्हतं बोलू नको," ती म्हणाली. "आता तू हितं नि मी थितं. कशाला जाऊ मी? आई नाय त्या घराला काय माहेर म्हणत्यात?"

मला तिला समजावून सांगायचं होतं. पुढची दहा वर्षं, झोळी, बांध, सगळं. पण आठव्या महिन्यातल्या पोरीला दहा वर्षांचं काय सांगायचं? तिला आजची आई हवी होती. हनुमानने दार ओढून घेतलं आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून लेकीच्या खाचरात उतरले. आधी विळ्याने तुरे कापायचे, अलगद, हलवायचे नाहीत, आणि सरळ गोणीत टाकायचे. मग ठोंब मुळासकट. बांधावर टाकायचे नाहीत, गुरांना घालायचे नाहीत, शेणातून पुन्हा रानात येतात. हे सगळं रुपालीताईंनी सांगितलेलं, आणि ते ऐकताना मला वाटलं होतं हे माझ्या रानासाठी सांगत आहेत. माझ्या रानात त्या वेळी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. तिथे झडत होतं.

बाईजा बांधावर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायची आणि गोण्यांची तोंडं बांधायची. पहिले दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी तिने चहाची किटली आणली.

"मान म्हणून वरचं दिलं खाचर," ती म्हणाली. "खालचं दिलं असतं तर एकातच राहिलं असतं."

"आमी बी जोमाचं म्हणून दिलं," मी म्हटलं.

ती नाकातून हसली. आम्ही दोघींनी चहा प्यायला. एकमेकींचं चांगलं करायला जाऊन दोघींनी एकमेकींची शेतं बुडवली होती, आणि त्यात शिव्या द्यायला कोणी तिसरं सापडत नव्हतं.

पाऊस मधेमधे यायचा, मग काम थांबायचं, कारण ओल्या तुऱ्याला हात लावला की दाणे हाताला चिकटून दुसरीकडे जातात. आठ दिवसांचे दहा झाले. वरचं खाचर झालं. दुसरं चालू होतं. कंबर इतकी धरली होती की चालतानाही मी वाकूनच चालायचे. रोज संध्याकाळी बाळीच्या बापाला फोन करायचे. बाळी फोनवर यायची नाही. आजी बरी आहे, बाळी बरी आहे, जेवते, असं तो सांगायचा. ती माझ्याशी का बोलत नाही, हा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो.

अकराव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, मी खाचरात असताना. रात्रीपासून पोटात कळा. तारखेच्या आधीच. हनुमानच्या गाडीतून मुरबाडला दवाखान्यात नेलं होतं.

"तू निघ," तो म्हणाला. "ती नुसती दाराकडं बगते."

बाईजाने ऐकलं. "जा तुमी," ती लगेच म्हणाली. "आटगावला गाडी मिळल. मी करते हे." आणि ती खरंच स्टुलावरून उठली, लुगडं वर खोचलं, आणि बांधावरून एक पाय खाली टाकला. गुडघा वळला. ती चिखलात बसली. मी तिला धरून वर ओढलं. दोघी चिखलाने माखलो.

"जा म्हणते ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखण्याचं असेल किंवा दुसरं काही.

मी खाचराकडे पाहिलं. दुसऱ्याचा निम्मा पट्टा आणि तिसऱ्यातले सुटे ठोंब बाकी होते. तुरे आता जांभळे नव्हते, पूर्ण तपकिरी. सकाळी एका तुऱ्याला नुसती माझी बांगडी लागली तर मूठभर दाणे पाण्यात पडले होते. मी गेले तर जाण्यायेण्यात एक दिवस, तिथे दोन-तीन. तोवर इथे एकही तुरा भरलेला राहणार नव्हता. दहा दिवस वाकले ते पाण्यात, आणि बाळी आयुष्यभर त्याच पाण्यात.

आणि तिकडे ती दाराकडे बघत होती. आजपुरती. एकदाच. पहिल्या बाळाला आई दुसऱ्यांदा येऊ शकत नाही, हे मलाही कळत होतं. मला कोणीतरी ओढून गाडीत बसवायला पाहिजे होतं. तसं कोणी नव्हतं. बाईजा जा म्हणत होती, जाऊ नको म्हणणारं कोणीही नव्हतं, आणि तरी माझा पाय बांधावर चढेना.

मी विळा उचलला. "बसा विहीणबाय," मी म्हटलं. "गोणी धरा."

 तिने गोणीचं तोंड उघडून धरलं.

त्या दिवशी मी कशी काम करत होते ते मला आठवत नाही. रडत होते हे आठवतं, कारण बाईजा मधेच म्हणाली, तोंड पुसा, दिसत नसंल. खरंच दिसत नव्हतं. एकदा मी भाताचाच ठोंब उपटला, मग तो परत रोवला. तो जगणार नव्हता.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा फोन वाजला. पदराने हात पुसून मी तो कानाला लावला. बाळीचा बाप असेल असं वाटलं. बाळी होती.

"मुलगी झाली," ती म्हणाली.

"तू बरी हाय ना? रक्त लय गेलं काय? काय खाल्लंस?"

"बरी हाय."

मागून आवाज येत होते. भांड्यांचे, कोणीतरी कोणाला पेज भरवत होतं, एक म्हातारी बाई 'उताणी नको झोपू गो' म्हणून कोणाला तरी रागावत होती. मी कान लावून त्यात माझ्या नातीचं रडणं शोधत होते. ते कुठलं, कळेना.

"आई," बाळी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसतं सांगत होती. "हितं समद्यांच्या आया आल्यात."

माझ्यापुढे अजून तीन हात पट्टा उभा होता, त्याच्या खाली तिसरं खाचर.

"व्हय गो," मी म्हटलं.